रिलीव्हर कधी येणार?

दुपारी साडेतीनच्या सुमाराला बारामतीच्या एमआयडीसीतल्या पेन्सिल चौकात दहा मिनिटं उभे राहा. फर्स्ट शिफ्ट सुटलेली असते. रिकामे डबे हँडलला लटकवून मोटारसायकली निघतात. कोणी तांदूळवाडीला, कोणी रुईला, कोणी भिगवण रस्त्याने सरळ इंदापूर तालुक्यातल्या आपल्या गावाला. घरी जाऊन कोणी उसाला पाणी धरेल, कोणी पोरीला क्लासवरून आणेल, कोणी नुसता झोपेल. त्याचं मशीन मात्र चालूच आहे. तिथे आता दुसरा माणूस उभा आहे.

त्या दुसऱ्या माणसाला रिलीव्हर म्हणतात.

चौकापासून सूर्यनगरी जवळच. तिथे माझ्या शेजारच्या घरात, वरच्या खोलीत, एक पोरगा पुण्यातल्या कंपनीचं काम करतो. सकाळी साडेनऊला लॅपटॉप उघडतो. साडेतीनला त्याचं ताट झाकलेलंच असतं. रात्री साडेनऊलाही खोलीतला दिवा चालू असतो. त्याचे वडील, आप्पा, याच एमआयडीसीत पंचवीस वर्षं मशीनवर होते. परवा त्यांनी जिन्यात उभं राहून पोराला विचारलं, "आरं, तुझा रिलीव्हर कधी यायचा?"

पोराने एका कानातला हेडफोन काढला. "काय म्हणालात आप्पा?" आणि उत्तर यायच्या आत परत घातला.

आप्पांचा प्रश्न साधा आहे. पण घरून काम करणाऱ्यांच्या 'संतुलना'वर आजवर जेवढी भाषणं ऐकली, त्यातल्या एकातही तो कोणी विचारलेला नाही.

कारखान्यात काम कसं संपतं ते आप्पांकडून ऐकावं. रिलीव्हर येतो. "टूल बदललंय, बघून घे. शेवटच्या दहा जॉबला बर येत होता." एवढं सांगायचं, वेस्टनं हात पुसायचे, पंचिंग करायचं आणि गेटबाहेर. तिथून पुढे मशीन बंद पडो की खोका पडून राहो, साहेब घरी फोन करत नसे. करून उपयोगच नव्हता. मशीन तिथे, माणूस इथे.

आता मशीन घरातच आहे.

हे झालं कसं? २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू, २४ च्या रात्री देशभर टाळेबंदी. हिंजवडीतली, खराडीतली आपली पोरं लॅपटॉप पोटाशी धरून बारामतीला परतली. एप्रिलमध्ये शहर पूर्ण बंद ठेवणारा भिलवाडा पॅटर्न लागू झाला, तेव्हा किराणासुद्धा घरपोच येत होता. तीनचाकी बनवणाऱ्याला, चॉकलेट भरणाऱ्याला, फोर्जिंगवाल्याला काम घरी नेता येईना. लॅपटॉपवाल्याला आलं. त्या दिवसांत ती सोय होती, आणि तिने लाखो नोकऱ्या वाचवल्या हे मान्यच आहे.

पुढे ५ नोव्हेंबर २०२० ला केंद्राच्या दूरसंचार विभागाने नियम सैल केले आणि आयटी, बीपीओ कंपन्यांना घरून काम कायमचं करून घ्यायची वाट मोकळी झाली. त्या नियमांत नोंदणीतून सूट होती, नेटवर्क होतं, बँक गॅरंटीतून सूट होती. कर्मचाऱ्याच्या संध्याकाळबद्दल एक अक्षर नव्हतं.

कारखान्याच्या कायद्यात ते होतं. १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट काढून बघा. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा. सलग पाच तासांवर काम नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती. जादा कामाला दुप्पट दाम. अडीचशेच्या वर कामगार असतील तर कॅन्टीन, तीसच्या वर महिला असतील तर पाळणाघर. आता नव्या संहिता आल्या, आकडे इकडचे तिकडे झाले, पण कल्पना तीच राहिली: काम घेणाऱ्याने माणसाच्या जेवणाची, मुलाची आणि थकव्याची जबाबदारी घ्यायची.

घरून काम करणाऱ्याचं कॅन्टीन कोण चालवतं? आई.

पाळणाघर? आजी.

आणि विजेचं बिल, फायबरचं बिल, इन्व्हर्टरची बॅटरी, पाठ धरणार नाही अशी खुर्ची? हे सगळं पगारातून. एप्रिलच्या दुपारी डीपीवरचा फ्यूज उडाला की पोरगं मोबाइलचं नेट लावून, घामाघूम होऊन मीटिंग पुरी करतं. कंपनीची एका खुर्चीची जागा वाचली, त्या जागेचं भाडं वाचलं, एसी वाचला. त्यातला किती रुपया बारामतीच्या घरापर्यंत आला, ते ज्याचं त्याने पगाराच्या स्लिपवर बघावं.

त्यावर उपाय काय सांगतात? प्राणायाम करा. टेबलावर रोपाची कुंडी ठेवा. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर बघा. पाणी प्या. सगळं चांगलंच आहे, करावं. पण रात्री नऊला साहेबाचा फोन आल्यावर कुंडी काय करणार आहे? दुखणं पाठीला आणि लेप टाचेला!

ज्याने काम वाढवलं त्याला कोणी काही सांगत नाही. ज्याचं वाढलं त्याला मात्र श्वास कसा घ्यायचा ते शिकवतात.

वेळेचं गणित बघा. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा असतात आणि हिवाळ्यात साडेसात. तिकडच्या माणसाचा दिवस सुरू होतो त्या घडीला इकडे देवापुढे दिवा लागतो. ज्याला तिकडच्या वेळेत काम करायचं आहे त्याने जरूर करावं, रीतसर दुपारी सुरू करावं. पण सकाळी पुण्याच्या साहेबाची हजेरी आणि रात्री न्यूयॉर्कच्या साहेबाची हजेरी, ही दोन शिफ्टची हजेरी झाली. कारखान्यात याला डबल म्हणतात. आणि डबल लागली की तिचे पैसे मिळतात.

आमच्या भागातला एखादा शेतकरी म्हणेल, शेतीला कुठं घड्याळ असतं? आहे ना! जुन्या लोकांच्या बोलण्यात 'औत सुटायची वेळ' ही दिवसाची वेळच होती. दिवस कासराभर वर आला की अमुक, औत सुटलं की तमुक. शिवळ काढली की बैल मोकळा, मग त्याला कोणी परत तासाला नेत नव्हतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे हळदी-तुपाने मळायचे, दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा नेम गरिबातल्या गरीब घरानेही पाळला.

बैलाला होतं ते पोराला का नको?

आता बायकांकडे येऊ, कारण खरा विषय तिथे आहे.

जळोचीत ओळखीच्या घरी गेलो होतो. सून घरून काम करते, पगार नवऱ्याच्या बरोबरीचा. नवरा कंपनीत जातो. मी बसलो त्या तासाभरात काय झालं ते सांगतो. तिची मीटिंग चालू. कुकरची तिसरी शिट्टी झाली, तिने आवाज बंद केला, धावत जाऊन गॅस बारीक केला, परत बसली. सिलिंडरवाला आला, ती उठली. सासूबाईंनी हळूच विचारलं, "पाहुण्यांना चहा टाकतेस का गं?" पाहुणा मीच होतो. मी नको म्हणालो तरी तिने टाकला, एका कानाने मीटिंग ऐकत. कपबशी ठेवताना पडद्यावर कोणीतरी तिचं नाव घेतलं आणि ती पदराला हात पुसत पळाली.

सासूबाई वाईट नाहीत. उलट सुनेचं कौतुक सांगत होत्या. "घरीच असते, त्यामुळं बरं पडतं बघा."

घरीच असते! याच दोन शब्दांत तिचे दोन्ही दिवस जातात. ऑफिसला वाटतं ती घरी आहे, म्हणजे कधीही फोन करावा. घराला वाटतं ती घरी आहे, म्हणजे कधीही हाक मारावी. बसने ऑफिसला जात होती तेव्हा निदान त्या बसमध्ये ती कोणाचीच नव्हती.

हे एका घरापुरतं नाही. सरकारने २०२४ साली लोकांच्या चोवीस तासांची पाहणी केली. तिच्यात दिसलं ते असं: स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्या कामात दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. आणि ही ८८ सुद्धा जे घरकामाला हात लावतात त्यांची. असे पुरुष साधारण चारात एक. २०१९ ची पाहणी काढली तर तेव्हा बाईची २९९ मिनिटं होती. मधल्या पाच वर्षांत टाळेबंदी आली, सगळे पुरुष महिनोन्‌महिने घरात बसले, घरात किती काम असतं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं.

दहा मिनिटं कमी झाली.

तेव्हा नवरा-बायको दोघं घरून काम करत असतील तर 'संतुलन' म्हणजे पहिल्यांदा कुकर कोण बघतो, एवढंच. बाकीचं मागाहून बोलू.

आणि घरून काम ही नवलाई आहे, असं कोणी सांगू नये. इंदापूर ओलांडून सोलापूरला जा. तिथल्या बिडी कामगार बायका पिढ्यान्‌पिढ्या घरूनच काम करत आल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला कापलेली तेंदूची पानं. हजार बिड्यांचा हिशेब मनात, चुलीवर आमटी, आणि लेकरू पाठीशी. खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत. त्यांचं काम कधी संपायचं? बिड्या संपल्या की. म्हणजे रोज रात्री.

पण १९६६ साली बिडी कामगारांचा कायदा झाला तेव्हा कारखानदाराकडून माल घेऊन घरी बिड्या वळणारी बाईसुद्धा 'कामगार' धरली गेली. तिला ओळख मिळाली, ती संघटना करून भांडली म्हणून मिळाली. लॅपटॉपवाल्याला अजून आपण कामगार आहोत हेच पटत नाही. तो स्वतःला एक्झिक्युटिव्ह म्हणवतो.

एक्झिक्युटिव्हला रिलीव्हर नसतो.

संध्याकाळ आणि सुट्टी कोणी आपल्याला वाटून दिलेली नाही. रविवारची सुट्टी भांडून मिळवणारे नारायण मेघाजी लोखंडे आपल्याच पुणे जिल्ह्यातले, मूळचे खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. सभा, अर्ज, पुन्हा सभा. १० जून १८९० ला मालकांनी रविवार मान्य केला. सहा वर्षं लागली एका वाराला. खंडोबाचा वार म्हणूनही तो रविवार त्यांनी मागितला होता. म्हणजे जेजुरीचं आणि गिरणीचं नातं इतकं जुनं आहे.

तो रविवार आज आपण एका व्हॉट्सॲप ग्रुपवर परत देऊन टाकला. "उद्या दहा मिनिटं बोलू या का?" आणि खाली नऊ अंगठे.

आपल्याकडे तर या प्रश्नाचं गाऱ्हाणं थेट संसदेत गेलेलं आहे, तेही बारामतीतून. खासदार सुप्रिया सुळे यांनी २८ डिसेंबर २०१८ ला लोकसभेत 'राइट टू डिस्कनेक्ट' विधेयक मांडलं. कामाची वेळ संपल्यावर आलेला फोन न उचलण्याचा, ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क. त्यासाठी कर्मचाऱ्यावर कारवाई करता येणार नाही. दहापेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीने कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काचे नियम कर्मचाऱ्यांशी बोलून ठरवायचे, नियम मोडला तर कर्मचाऱ्यांच्या एकूण पगाराच्या एक टक्का दंड. तेव्हा कोविडचं नावही कोणाला माहीत नव्हतं. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडलं.

पक्ष कोणता, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. विधेयक शहाणपणाचं आहे. पण खासगी सदस्याचं विधेयक संसदेने शेवटचं मंजूर केलं ते १९७० साली. त्या वेळी जन्मलेला माणूस आता निवृत्तीला आला.

मग बाकीच्या जगाला कसं जमलं? फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना यावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. पोर्तुगालने २०२१ मध्ये, घरून काम वाढल्यावर, उलट्या बाजूने कायदा केला: साहेबानेच फोन करायचा नाही. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून वेळेनंतरच्या मेसेजला उत्तर न देण्याचा हक्क आहे. यातल्या एकाही देशाचा कारभार बंद पडलेला नाही.

आपल्याकडे मात्र हवा दुसरीकडे वाहते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे सुब्रह्मण्यन ९० वर गेले, रविवारसकट. नव्वदला सातने भागा. रोज तेरा तासांना फक्त नऊ मिनिटं कमी. त्यात झोप धरा, अंघोळ धरा, दोन जेवणं धरा. आई-बापाशी बोलायला काय उरतं?

आणि २०२४ च्या जुलैत, पुण्यात, नोकरीला लागून चारच महिने झालेली सव्वीस वर्षांची एक सीए मुलगी गेली. तिच्या आईने नंतर कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहिलं, लेकीवर कामाचा किती ताण होता ते त्यात लिहिलं. ते पत्र देशाने वाचलं. आठ दिवस बोलणं झालं. नवव्या दिवशी पुन्हा स्टँडअप कॉल.

मला घरून काम नको, असं म्हणायचं नाही. ते बारामतीसारख्या गावाला वरदान आहे. पोरगं आई-बापाजवळ राहतं. पुण्यातलं भाडं वाचतं. हिंजवडीच्या रस्त्यावर आयुष्याचे रोज तीन तास जात नाहीत. आप्पांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पोरगं घरात होतं, रात्री उठून त्यांना धरून नेत होतं. हे पैशात मोजता येत नाही. म्हणूनच राग येतो. एवढी चांगली गोष्ट हातात आली आणि तिला दार बसवायचं राहून गेलं.

शेजारच्या पोराचंच सांगतो. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीतून निघाली, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण झालं. परीट बांधवांनी धोतराच्या पायघड्या घातल्या, मेंढरं पालखीभोवती धावली, धुरळा उडाला. हा पोरगा आईला घेऊन आला होता खरा. पण रस्त्याच्या कडेला, मोटारसायकलच्या टाकीवर लॅपटॉप उघडून, एका हाताने ऊन अडवत उभा. "हो सर, दिसतंय सर, स्क्रीन दिसतेय." आईने दर्शन घेतलं, येऊन त्याच्या कपाळाला बुक्का लावला. त्याने मान वर केली नाही.

घरी येऊन ती माउली मला म्हणाली, "रजा काढून आला होता हो."

इथून भिगवण अर्ध्या तासावर. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित उतरतात, लांबलांबून लोक कॅमेरे घेऊन कुंभारगावला येतात, होडीतून फिरतात. तीन हिवाळे हा पोरगा घरी आहे. एकदाही गेलेला नाही. पुण्याला होता तेव्हा मित्रांबरोबर दोनदा आला होता.

शेवटी आप्पाच वैतागले. कायदा येईल तेव्हा येईल. मागच्या सोमवारी संध्याकाळी सातला ते गुडघा धरत जिना चढून वर गेले, पोराच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "ऊठ. मी आलोय."

"आप्पा, तुम्हाला काय येतंय यातलं?"

"मला काय यायचंय? आता इथं मी बसणार. तू जा, आईबरोबर भाजी आण."

पोराने मिनिटभर बघितलं. मग लॅपटॉप मिटला, बॅगेत घातला. आप्पांनी बॅग उचलून खाली नेली आणि गोदरेजच्या कपाटात ठेवली. साडेआठला फोन वाजला. साहेबांचा. सगळे जेवत होते. पोराचा हात निम्म्यात थांबला. आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, "वाढ गं त्याला," म्हणाले. फोन पुरा वाजून थांबला. पाच मिनिटांनी परत वाजला, परत थांबला. त्या रात्री पोरगं नीट झोपलं नाही, हे त्यानेच मला सांगितलं.

सकाळी साडेनऊला त्याने कपाट उघडलं, लॅपटॉप लावला. साहेबांचा मेसेज रात्री पावणेनऊचा होता. "फाइल सापडली. राहू दे."